आधी बंद, मग हात

बाबा मंगळवारी सकाळी खांबावर चढले. दुपारी चौघांनी त्यांना खाली उतरवलं. संध्याकाळी दादानं अग्नी दिला. मी शाळेच्या गणवेशात होते, आणि तो बदल असं मला कुणी सांगितलं नाही.

त्याला फार वर्षं झाली. आता आईही गेली आहे, आणि राजारामपुरीतली आमची वरच्या मजल्यावरची जागा मालकांना परत करायची म्हणून मी सकाळपासून एकटीच आवराआवर करते आहे. खाली पूर्वी डॉक्टरांचा दवाखाना होता. जिन्यात पाऊल टाकलं की स्पिरिटचा वास यायचा, आणि समोरच्या गाळ्यातल्या क्लासमधली मुलं पाढे म्हणावेत तशी एका सुरात गणिताची सूत्रं म्हणायची. आता दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि जिन्याला कसलाच वास नाही.

आतल्या खोलीत खिडकीशी दादाचं टेबल असायचं. टेबल कधीच गेलं. भिंतीवर त्याच्यामागचा चौकोन राहिला आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा जरा उजळ. मी तिथली जळमटं काढायला हात पुढं केला आणि हात आपोआप थांबला. त्या चौकोनात बटणांचा जुना बोर्ड आहे. पुस्तकांच्या सोबतीत आयुष्य गेलेली, चाळिशी उलटलेली बाई मी; विजेची बटणं दिवसातून कितीदा तरी दाबते. पण ह्या घरात माझा हात अजूनही आधी थांबतो. भीती अशी हाडात जाऊन बसते. बाबांचा आवाज मला आता आठवत नाही, ती मात्र जशीच्या तशी आहे.

बाबा वायरमन होते. त्यांच्या कपड्यांना ऊन, घाम आणि रबर यांचा मिळून एक वास असे. हातमोजे काढले की तळव्यांवर पांढरी पावडर दिसायची, ती ते माझ्या गालांना लावायचे. घरात ते कमी बोलत. विजेबद्दल मात्र त्यांचं एकच वाक्य होतं. बल्ब बदलायचा असो की इस्त्रीची पिन लावायची असो, ते म्हणत, "आधी बंद, मग हात." कोणी दाराची कडी लाव म्हणावं इतक्या सहज म्हणत. त्या मंगळवारी नक्की काय झालं हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या घरात त्याविषयी बोलणं म्हणजे उघड्या तारेला बोट लावण्यासारखं होतं.

आईनं त्यांचं ते वाक्य उचललं आणि त्याचा कायदा केला. मिक्सर लावायचा तर आधी मेन स्विच खाली. घर क्षणभर अंधारात, फ्रिज गप्प, पंखा हळूहळू थांबणार. मग पायात चपला, चपलांखाली लाकडी पाट, पाटावर उभं राहून पिन लावायची, आणि मग मेन स्विच वर. बटण बोटानं दाबायचं नाही, लाटण्याच्या टोकानं दाबायचं. आमच्या बोर्डावरच्या सगळ्या बटणांवर पिठाचे पांढरे ठिपके असायचे. पाहुण्यांना ते विचित्र वाटे. आम्हाला मात्र दुसऱ्यांच्या घरी लोक अनवाणी, ओल्या हातांनी बटणं दाबताना पाहून धडकी भरायची. मी मैत्रिणीच्या घरी गेले की तिची आई टीव्ही लावायला उठली तरी मी डोळे मिटून घ्यायची.

दादा माझ्याहून मोठा. बाबांच्या जाण्यानंतर काही वर्षं तो फोटो स्टुडिओत हाताखाली होता, मग लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायला लागला. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा त्यानं सुट्या भागांतून जुळवलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. रिक्षातून तो मॉनिटर मांडीवर घेऊन आला होता, नवरीला आणावं तसा. आई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी होती. पण कोणाला ओवाळायचं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं दादालाच ओवाळलं, दोनदा.

त्या पहिल्या कॉम्प्युटरच्या वायरी आईला मान्य होत्या. प्रिंटरची वायर अंगठ्याएवढी जाड होती, तिच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी स्क्रू होते. सगळं बंद करायचं, वायर बसवायची, स्क्रू आवळायचे आणि मगच चालू करायचं. चालू असताना काढली तर प्रिंटर जायचा, हे दादाच सांगत असे. म्हणजे बाबांचा नियम कॉम्प्युटरवाल्यांनाही ठाऊक होता. आईला त्याचा फार धीर वाटायचा. ती म्हणायची, "ही वायर नांदती हाय. एकदा दिली की दिली."

मग कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट आलं, आणि त्याच्या पाठीमागं दोन चपट्या खाचा होत्या. त्यांत काय बसतं हे विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नव्हतं. बरेच महिने त्या रिकाम्याच राहिल्या. आई धूळ पुसताना त्यांच्यावर फडकं न्यायची नाही. दादा स्टँडजवळच्या पेपरवाल्याकडून इंग्रजी मासिक आणायचा, सोबत सीडी मिळायची ते. त्यात वाचून त्यानं एका रविवारी जेवताना सांगितलं की ह्या खाचेला यूएसबी म्हणतात आणि तिच्यात काहीही लावायला मशीन बंद करावं लागत नाही.

"चालू असतानाच लावायचं, आई. तेच तर नवीन हाय."

"चालू असताना? आन हात कुणाचा?"

"हात माझाच की."

"मग न्हाय," आई म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. विषय तिच्यापुरता संपला होता.

पण तो संपला नाही. नवा स्कॅनर आला, त्याला ती बारीक, मऊ वायर होती. स्क्रू नाहीत, कड्या नाहीत. आईनं दुरून पाहिली आणि म्हणाली, "हिला काय धरबंद? ही कवाबी माहेराला जायाची." दादा हसला. मीही हसले. दादा पाटावर चढला. आईची तेवढी एक अट त्यानं मानली होती: चपला आणि पाट. ती स्वतः मात्र खोलीत थांबली नाही. "मी भाईर थांबतो," म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलताना असंच म्हणतात, मी जातो, मी येतो. ती बाहेर गॅलरीत गेली, पदर तोंडावर धरला आणि रस्त्याकडं पाहत राहिली. आत मी दादाच्या मागं भिंतीला पाठ लावून उभी. मशीन घुमत होतं, दिवे लागलेले होते, आणि दादाचा हात त्या चालू मशीनच्या पाठीमागं जात होता. मला तो पाट दिसेना. मला खांब दिसत होता.

मग कॉम्प्युटरमधून दोन सूर आले, आधी खालचा, मग वरचा. दादा ओरडला, "लागलं!" बाहेरून आईनं विचारलं, "बोटं?" दादा म्हणाला, "जाग्यावर हायती." त्या दिवसापासून हे आमच्या घरात ठरूनच गेलं. काही लावलं की दादानं "लागलं" म्हणायचं, आईनं "बोटं?" विचारायचं. हळूहळू त्यात थट्टाही आली. दादा कधी म्हणायचा, "एक कमी हाय, बघ खाली पडलंय का." आई म्हणायची, "मुडद्या, हसतोस काय!" आणि आत येऊन त्याचे हात हातात घेऊन बघायचीच.

पांढरी वायर आली ती दोन-तीन वर्षांनी. दादानं तोवर स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला होता, ओंजळीत मावेल एवढा; त्याच्या कॅसेटी काडेपेटीएवढ्या. कॅमेऱ्यातलं लग्न कॉम्प्युटरमध्ये घ्यायला मुंबईहून एक कार्ड मागवलं आणि त्याच्याबरोबर ती वायर आली. तिला फायरवायर म्हणतात; तिच्यातून चित्रही येतं आणि थोडी वीजही जाते. दादानं मला आधीच बजावलं होतं, "नाव काढायचं न्हाय हां, बारके." पण ते खोक्यावर छापलेलं होतं, आणि आईला इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येत होती.

"फायर म्हंजे ते बंबावर लिवल्यालं असतंय तेच न्हवं?"

"वेगाचं नाव हाय ते, आई. आगीगत पळतंय म्हणून."

"आग पळत न्हाय," आई म्हणाली. "आग धरती."

दादानं खोकं उलटं करून ठेवलं. करंटही धरतो, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

तरी त्या वायरीनं घरात जे आणलं ते मी विसरू शकत नाही. आधी लग्नं लाल, पिवळ्या, पांढऱ्या अशा तीन वायरींतून यायची आणि येताना विटायची. शालूचा हिरवा पाण्यासारखा दिसे, नवरीचा चेहरा धुक्यातला वाटे. पांढऱ्या वायरीतून पहिलं लग्न आलं तेव्हा दादानं मला हाक मारली. पडद्यावर नवरीच्या चुड्यातली एकेक बांगडी मोजता येत होती. कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मणी हलत होते. आई दारातून बघत होती. आत आली नाही, पण पदर तोंडावरून खाली आला होता. "अगं बया, पोरीच्या डोळ्यांत पानी हाय की," ती म्हणाली. आधीच्या कॅसेटींमध्ये कुणाच्या डोळ्यांतलं पाणी दिसलंच नव्हतं.

एक तासाचं लग्न आत यायला एक तास लागायचा. वेग वायरीला होता, लग्नाला नव्हता. तेवढा वेळ घरानं श्वास रोखायचा. मशीन दमलं, कुठं अडखळलं तर चित्राचा एक तुकडा गळून पडे आणि तो गेला हे नंतर कळे. ही दादाची भीती होती. म्हणून पंखा बंद, मिक्सर बंद, नळाची मोटर बंद. उन्हाळ्यात शेजारी चटणीसाठी मिरच्या भाजायला घेत, कांदा-लसणाचा ठसका खिडकीतून आत येई, आणि आम्ही खोकला गिळत बसायचो. आई गॅलरीत, तोंडावर पदर. आतून मंगलाष्टकं ऐकू येत, मग टाळ्या, मग बँड. तिला तेवढी खूण पुरे होती. बँड वाजतोय म्हणजे वायर शांत आहे. अचानक लाईट गेली तर यूपीएस किंचाळायला लागे, आणि आई आत धावत येई ती थेट दादाच्या हातांकडं बघत.

अशी किती लग्नं आमच्या त्या खोलीतून गेली. चंदगडकडची, पावसात शामियाना गळणारी. गावदेवाला नारळ फोडून निघालेली. कानडी आणि मराठी दोन्हीत आहेर पुकारणारी. कुणाचीच ओळख नव्हती, पण तेवढा वेळ ती माणसं आमच्या घरात असायची. आम्ही तिघं गप्प, आणि ती सगळी बोलत, रडत, जेवत.

दादाला ह्याहून जास्त काही नको होतं. त्याचे मित्र एकेक करून पुण्याला जात होते. स्टँडवर त्यांना पोचवायला तो जायचा, आणि परत आल्यावर खिडकीशी बसून म्हणायचा, "मला न्हाय जायाचं, बारके. हीच खोली, हेच काम." आईलाही तेच हवं होतं. एकदा गेलेलं माणूस परत येईल ह्यावर तिचा विश्वास उरलेला नव्हता.

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी बाबांची हत्यारं निघायची: पक्कड, टेस्टर, कातडी पट्टा. त्यांच्याबरोबर विळी, सुरी, शिलाई मशीन. आई पाटावर ती मांडायची, पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू बोटानं लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. कुंकू कुठं लावायचं ह्याचीही रीत होती. हत्यार जिथून काम करतं तिथं. विळीच्या पात्याला, सुरीच्या टोकाला, टेस्टरच्या टोकाला. बाबांच्या पकडीचा जबडा तर ती उघडून आतून कुंकू लावायची. दादाच्या टेबलाची पूजा तोपर्यंत दादाच करत असे, कॅबिनेटवर वरून एक टिळा लावून.

दादा त्या सकाळी झेंडू आणायला बाजारात गेला होता. मी स्वयंपाकघरात खोबरं खवत होते. दादाला परतायला बराच वेळ लागतोय असं वाटून मी दारातून डोकावले तर आई आतल्या खोलीत होती. तिनं पाट टेबलाशी नेला होता आणि ती चपला घालून त्यावर उभी होती. मशीन बंद होतं, तरी तिनं मेन स्विचही खाली केला होता. खोलीत अर्धवट अंधार. तिनं पांढऱ्या वायरीचं टोक डाव्या हातात, कोरड्या फडक्यात धरलं होतं, विंचू धरावा तसं. उजव्या हाताचं बोट तिनं हळद-कुंकवाच्या वाटीत बुडवलं आणि वायरीच्या तोंडात, आत, दाबून टेकवलं. ओठ हलत होते. मग वायर परत होती तशी ठेवली, टेबलाला हात जोडले आणि पाटावरून उतरली. मी मागं सरले. मला रडू येईल की काय असं वाटलं, इतकं बरं वाटलं होतं. बाबांच्या पश्चात आईनं पहिल्यांदा एखाद्या वायरीच्या उघड्या तोंडाला बोट लावलं होतं.

संध्याकाळी गारगोटीचे कापडवाले आले. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं शूटिंग दादानं केलं होतं आणि होणारा जावई दुसऱ्या दिवशी मुंबईला, तिथून आखातात जायचा होता. गडी मोठ्या आवाजाचा आणि गमत्या. जिन्यातूनच ओरडत वर आला.

"काय ओ पावणं, सीडी तयार हाय न्हवं? जावई विमानात बसायच्या आत मिळाली पायजे. न्हायतर तिकडं जाऊन इसरायचा, पोरगी कुठली ठरवल्याती ते."

आई म्हणाली, "आज खंडेनवमी. आज हत्यार उचलत न्हाईत."

"अवो वैनी, ह्याला कुठं धार हाय?"

"असती," आई म्हणाली. पण जावई जाणार म्हटल्यावर ती विरघळली. पोरीच्या जिवाचं काम. ती चहाचं आधण ठेवून गॅलरीत गेली. मी दाराशी. कापडवाले खुर्चीत, मांडीवर टोपी. दादानं मशीन चालू केलं, कॅमेरा चालू केला, पाटावर चढला आणि वायर उचलली. तोंडाकडं पाहिलं नाही. इतक्या वेळा लावली होती, हाताला वाट पाठ होती.

चट् असा आवाज झाला. फार मोठा नाही, काडी मोडावी एवढा. पडदा काळा झाला, कॅमेऱ्याचा दिवा विझला. मग वास आला, केस जळाल्यासारखा, आणि त्याच्यात दुसराही एक वास, ओल्या हळदीचा. दादानं वायर उपसून काढली आणि तिच्या तोंडात बघितलं. अंगठा आत फिरवला. अंगठा लाल झाला.

"काय झालं ओ?" कापडवाले उठून उभे राहिले.

बाहेरून "बोटं?" आलं नाही. आईच आली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि हात उजेडात नेला. मी तिचा चेहरा बघत होते. असा चेहरा मी आधी एकदाच बघितला होता, गणवेशात उभी राहून.

"रगत," ती म्हणाली.

"रगत न्हाय गं," दादा म्हणाला आणि थांबला.

मला दिसत होतं तो का थांबला ते. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्याच्या एका शब्दात सगळं होतं. कुंकू आहे म्हटलं की वायर निर्दोष, काम निर्दोष, खोली त्याची. आणि मग ती बाई, जिनं आयुष्यात काय तो एकदाच धीर करून हात लावला, तिला कळणार की पोराच्या हाताशी स्फोट झाला तो तिच्याच बोटानं.

"रगतच हाय," दादा म्हणाला. "जरा खरचटलं. काय न्हाय."

त्यानं मूठ मिटली.

आई खाली बसली नाही, रडली नाही. तिनं त्याची मिटलेली मूठ तशीच उचलली आणि आपल्या गळ्यावर ठेवली. "माझ्या गळ्याची आन घे. ही वायर न्हाय, हे काम न्हाय. ह्या घरात न्हाय आन भाईरबी न्हाय. एक माणूस दिलंय मी. आता देनार न्हाय."

"आई, ऐक तरी."

"घे म्हंते."

कापडवाल्यांनी टोपी घातली. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "वैनी, जाऊ दे. पोराला काय झालं न्हाय ते बरं. माझी कॅसेट तेवढी द्या, मी दुसरीकडं बघतो." कॅसेटला काही झालं नव्हतं. दादानं डाव्या हातानं ती कॅमेऱ्यातून काढून दिली. उजवा आईच्या गळ्यावर होता.

"घेतली," तो म्हणाला.

शेगडीवरचं आधण उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅसचा वास घरभर सुटला होता. मी जाऊन तो बंद केला. मागं मोरीत दादा हात धूत होता. पाणी आधी लाल गेलं, मग पिवळट. त्यानं ते नीट वाहून जाईपर्यंत तांब्यावर तांब्या ओतला. मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यानं अंगठ्याला बांधलं. काही झालेलं नव्हतं तिथं. तरी बरेच दिवस ती पट्टी त्याच्या अंगठ्यावर होती, आणि आई रोज तिच्यावर हळद दाबायची.

वर्षाच्या आत तो पुण्याला गेला. हिशेबाच्या कचेरीत कारकुनी मिळाली. कॉम्प्युटर होता, पण वायरी लावायला दुसरी माणसं होती, आणि हे त्यानं आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. स्टँडवर आम्ही दोघी त्याला पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा आई म्हणाली, "लांब गेला, पर जिता हाय." घरी आल्यावर तिनं लाटण्यानं दिवा लावला आणि त्याच्या टेबलावर चादर घातली.

त्यानंतर ही हकिगत ती सगळ्यांना सांगे. दवाखान्यात आलेल्या बायकांना, भाजीवालीला, माझ्या सासरच्यांना. पोराला करंट कसा धरता धरता सुटला, रगत कसं आलं. "खंडेनवमीची पूजा केलती म्हणून वाचला बघा," ती शेवटी म्हणायची. "मीच हातानं केलती." ती हे म्हणाली की मी उठून आत जायची. दादा सणाला आलेला असला तर तो मात्र बसून राहायचा, मान हलवायचा. "व्हय की, आई. म्हणूनच वाचलो."

बघता बघता सगळीकडं तसल्याच वायरी झाल्या. आता कोणी काहीही चालू असताना लावतं, काढतं. लहान मुलं उशाशी घेऊन झोपतात. माझी मुलगी मोबाइल चार्जिंगला लावते तेव्हा मी अजून क्षणभर नजर दुसरीकडं वळवते. तिला हे माहीत नाही. तिला सांगायचं तर कुठून सुरुवात करू?

आईचे दिवस झाले आणि दादा पुण्याला निघाला त्या दुपारी मी त्याची बॅग घेऊन खाली जिन्यापर्यंत गेले. तो थकलेला दिसत होता, केस विरळ झालेत. इतक्या वर्षांत आम्ही त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी विचारलं, "दादा, तू सांगितलं का नाहीस तिला? तेव्हा नाही तर नंतर तरी?"

त्यानं बॅग घेतली. मोबाइलच्या दुकानातला मुलगा गिऱ्हाइकाला कसलीशी वायर दाखवत होता, तिकडं त्यानं एकदा पाहिलं.

"मला भ्या वाटलं, बारके," तो म्हणाला. "करंटचं न्हाय. तिनं एवढा धीर केलता, त्यात तिला हे कळलं असतं तर तिनं परत कशालाच हात लावला नसता. देवालाबी न्हाय."

रिक्षा आली. तो बसला, आणि मी हात हलवला.

आता जागा रिकामी आहे, किल्ली उद्या मालकांना द्यायची आहे. दादा पुण्यात असतो, मी कोल्हापुरात. शूटिंगचं काम त्यानं पुन्हा कधी केलं नाही.